कोल्हापुरातून नॅशनलला : पिस्तूलवाल्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं आणि तेव्हापासून रेंजवर चौकशीला येणाऱ्यांची रीघ लागली. स्वप्नील रायफलवाला, मी पिस्तूलवाला. पण लोकांना तो फरक माहीत नसतो आणि माहीत असायचं काही कारणही नाही. तेच तेच प्रश्न उत्तरून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधीच सांगतो, मी तीन वेळा नॅशनलला गेलो आणि तिन्ही वेळा पदकाच्या आसपासही नव्हतो. त्यामुळे पदक कसं मिळवायचं ते इथे सापडणार नाही. तिथवर पोचायचं कसं आणि गोळी मारायच्या आधीच घरी परतायची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, ते सापडेल.

‘नॅशनल’ म्हणजे नेमकी कुठली स्पर्धा?

नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया दरवर्षी भरवते ती राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा. रायफल, पिस्तूल, शॉटगन सगळं त्यात येतं. पिस्तूल बहुतेक वेळा दिल्लीत तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंग रेंजवर, नाहीतर भोपाळला.

थेट नाव घालून जाता येत नाही. आधी क्लबचं किंवा जिल्हा संघटनेचं सभासदत्व, मग राज्य स्पर्धा, मग पात्रता स्पर्धा, आणि प्रत्येक पायरीवर ठरलेला किमान स्कोअर. आपली राज्य स्पर्धा मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर होते. पुढच्या पायरीला सगळे नुसतं ‘मावळणकर’ म्हणतात. हे मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर. १९५१ मध्ये राष्ट्रीय असोसिएशन उभी केली ती त्यांनीच. घराणं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं, म्हणजे आपल्या घाटाखालचं. देशभरातली पोरं ‘मावलंकर, मावलंकर’ करत असतात तेव्हा मला उगाच बरं वाटतं.

किमान स्कोअर प्रकारानुसार आणि वयोगटानुसार वेगळा असतो आणि बदलत राहतो. फॉर्म भरताना त्या वर्षीचं परिपत्रकच उघडा. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेला जुना फोटो धरून बसू नका.

पिस्तुलात किती प्रकार आहेत? मी कुठून सुरू करू?

दहा मीटर एअर पिस्तुलापासून. कारण साधं आहे. .१७७ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) स्पर्धेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त असतात आणि दहा मीटर जागा घराच्या गच्चीवरही निघते. भिंत पक्की हवी, मागे-पुढे माणूस फिरकता कामा नये, एवढं मात्र बघा. ट्रिगरची शिस्त तिथेच लागते.

त्यानंतर पंचवीस मीटर. तिथे चार गोष्टी आहेत. महिलांचं २५ मीटर पिस्तूल .२२ वर असतं : ३० गोळ्या प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेम धरून, आणि ३० रॅपिड, म्हणजे झटपट, एकूण ६०० गुण. पुरुषांचं सेंटर फायर अगदी त्याच धाटणीचं, पण बोअर मोठा. आपल्याकडे ते .३२ वर खेळतात. स्टँडर्ड पिस्तूल .२२ वरचं : पाच-पाच गोळ्यांच्या सिरीज, आधी १५० सेकंदांत, मग २० सेकंदांत, शेवटी १० सेकंदांत. चौथं रॅपिड फायर. पाच टार्गेटं शेजारीशेजारी, प्रत्येकावर एक गोळी, वेळ ८, मग ६, मग ४ सेकंद. चार सेकंदांत पाच टार्गेटं! बघणाऱ्याला वाटतं माणसाने हात नुसता फिरवला.

मी सेंटर फायर आणि स्टँडर्ड खेळतो. रॅपिड फायर करून बघितलं आणि नम्रपणे नमस्कार करून परत आलो.

यूट्यूबवर पळत पळत गोळ्या मारतात ती मॅच इथे खेळता येते का?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो. ती प्रॅक्टिकल शूटिंग, म्हणजे आयपीएससी. तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. ब्रीद लॅटिनमध्ये तीन शब्दांचं : अचूकता, ताकद, वेग. टार्गेट पुठ्ठ्याचं, त्यावर ए, सी आणि डी असे पट्टे. बेताच्या ताकदीच्या काडतुसाला ए चे ५, सी चे ३, डी चा १. जास्त ताकदीच्या काडतुसाला सी चे ४ आणि डी चे २. गोळी चुकली की वजा १०.

गंमत हिशोबात आहे. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर. समजा बारा गोळ्यांचा स्टेज आहे. एकाने बाराही ए मारले, ६० गुण, पण २० सेकंद घेतले. हिट फॅक्टर ३. दुसऱ्याने दहा ए आणि दोन सी मारले, ५६ गुण, १४ सेकंदांत. हिट फॅक्टर ४. दुसरा जिंकला. म्हणून तिथे ‘थोडं वाकडं चालेल, पण लवकर’ हा सौदा प्रत्येक पावलाला करावा लागतो. आमच्या खेळात वेळ आधीच ठरवून दिलेली असते, लवकर मारल्याचं बक्षीस नाही.

सुरक्षेचे नियम मात्र तिथे आमच्यापेक्षा कडक वाटावेत असे. पळताना बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर हवं, नळी ठरलेल्या रेषेच्या मागे वळता कामा नये. वळली की मॅचमधून बाहेर. दुसरी संधी नाही.

आता इथलं. जगभर हा खेळ मुख्यतः ९ एमएमवर चालतो आणि आपल्या कायद्यात ९ एमएम हा निषिद्ध बोअर आहे, सामान्य परवानाधारकाला तो ठेवता येत नाही. शिवाय होल्स्टरमधून काढून, पळत, वळत मारायला चारी बाजूंनी मातीचे बांध असलेली रेंज लागते. तेव्हा कोल्हापूरच्या पोराने पिस्तुलात राष्ट्रीय पातळी गाठायची तर वाट पंचवीस मीटरचीच. व्हिडिओ जरूर बघा, ट्रिगरवरचं बोट बघा. घरी पळापळ करून बघू नका.

शस्त्र परवाना कसा मिळतो?

कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ ही दोन नावं पाठ करा, पुढची काही वर्षं ती तुमच्या सोबत राहणार आहेत. पोलीस पडताळणी होते, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, घरी कुलपात ठेवायची सोय दाखवावी लागते. क्लबचं पत्र आणि स्पर्धेची प्रमाणपत्रं जोडा. एअर पिस्तुलातली दोन वर्षं इथे कामी येतात, कारण ‘मी खेळाडू आहे’ हे सांगून भागत नाही, कागदावर दिसावं लागतं.

वयाची २१ पूर्ण नसतील तर स्वतःच्या नावाचा नेहमीचा परवाना मिळत नाही. लहान मुलांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो, त्याची तरतूद कायद्यातच आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी बघा : परवान्याची हद्द. फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर तुमचं पिस्तूल दिल्लीला जाऊ शकत नाही. माझ्या ओळखीच्या एकाला हे एंट्री भरल्यावर, तिकीट काढल्यावर कळलं. स्पर्धा त्याने मोबाइलवर बघितली.

निवडणुकीत शस्त्र जमा करायला सांगतात. सरावाचं काय?

आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून फोन येतोच. असोसिएशनचे सभासद असलेल्या स्पर्धक खेळाडूंना सवलत असते, पण ती आपोआप मिळत नाही. पत्र आणि सभासद कार्ड घेऊन, फोन यायच्या आधीच जाऊन भेटा.

सराव कुठे करायचा? रोज गोळ्या झाडायला लागतात का?

दुधाळीची रेंज गावात सगळ्यांना ठाऊक आहे. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत ही नावं याच गावातली. मोठ्या स्पर्धेच्या आधी पुण्याला बालेवाडीला जाऊन एक-दोन दिवस काढावेत, म्हणजे अनोळखी रेंजची सवय होते.

रोज गोळ्या झाडायची गरज नाही, परवडायचंही नाही. माझा आठवडा असा : पाच दिवस घरी ड्राय, दोन दिवस रेंज. ड्राय म्हणजे रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरून नेम आणि ट्रिगर. भिंत पांढरी, त्यावर काहीच नाही. काळा ठिपका काढला की डोळा त्याच्याकडे पळतो आणि पिस्तुलावरची साइट, म्हणजे नेमाची खूण, धूसर होते. पांढऱ्या भिंतीवर फक्त फोरसाइट, नळीच्या टोकाची खूण, दिसते आणि ट्रिगर सुटताना ती हलली की चोरी लगेच पकडली जाते. वीस मिनिटं पुरतात. पण त्याआधी चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. .२२ चं पिस्तूल ड्राय करायचं असेल तर त्याला तशी सोय आहे का ते आधी विचारा, नसेल तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात.

आपल्याकडे तालमीची परंपरा. पैलवान मेहनतीच्या आधी आखाड्यातली माती उकरतो, तसं हे काम. बघायला कोणी येत नाही.

तीन सेकंदांत एक गोळी. हात वर जाईपर्यंतच वेळ संपतो. काय करू?

यात मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण माझी तीन वर्षं यात गेली.

सेंटर फायरच्या रॅपिड टप्प्यात हात खाली, ४५ अंशांत. लाल दिवा सात सेकंद, मग हिरवा तीन सेकंद. त्या तीनात हात वर, नेम, एक गोळी. पुन्हा हात खाली, पुन्हा सात सेकंद. असं पाच वेळा झालं की एक सिरीज.

नवीन माणूस हे तीन तुकड्यांत करतो : आधी हात वर, मग नेम, मग ‘अरे, वेळ संपत आली’ म्हणून ट्रिगरला हिसका. उजव्या हाताच्या माणसाचा हिसका कुठे जातो ते टार्गेटच सांगतं. गोळी खाली डावीकडे, घड्याळातल्या सात वाजण्याच्या जागी. माझी पहिल्या नॅशनलची एक सिरीज अजून आठवते : दहा, नऊ, दहा, नऊ आणि सात वाजता सात. पाचव्या गोळीला मी ‘ही शेवटची’ असा विचार केला होता, बाकी काही नाही.

करायचं असं की हात उचलतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा, म्हणजे सुरुवातीचा हलका दाब, भरून घ्यायचा. मनगट लॉक, नजर आधीपासूनच टार्गेटच्या उंचीवर. पिस्तूल नजरेच्या रेषेत येतं तेव्हा बोट थांबलेलं नसतं, दाब वाढतच असतो. साइट काळ्या भागात स्थिरावते आणि गोळी सुटते, साधारण दोन-सव्वादोन सेकंदांना. उरलेला पाऊण सेकंद तसाच हात धरून ठेवायचा. वेळ उरतो हे कळायलाच सहा महिने जातात.

आणि रॅपिडच्या टार्गेटचा दहा, म्हणजे दहा गुणांचं वर्तुळ, केवढा असतो ते एकदा जवळ जाऊन बघा. १०० मिलिमीटर. आपली जेवायची वाटी बसेल त्यात. प्रिसिजनचा दहा ५० मिलिमीटरचा, मोठ्या पेढ्याएवढा, तिथे पाच मिनिटांत पाच गोळ्या. म्हणजे जिथे घाई आहे तिथे नियमानेच जागा मोठी दिली आहे. सुईच्या टोकाने मारायला जाऊ नका, वाटीत टाका.

सात सेकंदांच्या विश्रांतीत मी एकच श्वास घेतो आणि अर्धा सोडतो. कोणी आकडे मोजतं. एक ओळखीचा मनात ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतो आणि त्याचा स्कोअर माझ्यापेक्षा चांगला आहे.

इक्विपमेंट कंट्रोलला काय बघतात?

स्पर्धेच्या आधी पिस्तूल टेबलावर द्यायचं. आकार बघायला एक पेटी असते, पंचवीस मीटरसाठी ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटर, त्यात पिस्तूल बसलं पाहिजे. वजन १४०० ग्रॅमच्या आत. ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये. बूट घोट्याच्या हाडाच्या खाली हवेत, म्हणून ते उंच स्पोर्ट शूज घरीच ठेवा.

आणि मग ट्रिगर. पंचवीस मीटरला किमान १००० ग्रॅम, एअर पिस्तुलाला ५००. एक किलोचं वजन ट्रिगरला अडकवतात, नळी आभाळाकडे करून पिस्तूल सावकाश वर उचलतात. वजन टेबलावरून उचललं गेलं पाहिजे आणि ट्रिगर पडता कामा नये.

माझं पडलं. घरी मी ते अगदी बरोबर १००० वर लावलं होतं, जितकं हलकं तितकं बरं म्हणून. पहिल्यांदा वजन बोटभर उचललं गेलं आणि ‘टक’. दुसऱ्यांदा टेबलावरून सुटायच्या आतच टक. तिसऱ्यांदा तसंच. टेबलामागचे गृहस्थ काही बोलले नाहीत, पिस्तूल हळूच माझ्याकडे सरकवलं. मागे मोठी रांग. सांगलीच्या एका मुलाने ॲलन की दिली, कोपऱ्यात उकिडवा बसून स्क्रू फिरवला, थरथरत्या हाताने. पास झालो, पण आता ट्रिगर मला अनोळखी होता आणि प्रिसिजनच्या पहिल्या दोन सिरीज त्याची ओळख करून घेण्यात गेल्या. तेव्हापासून मी १०४० वर लावतो आणि वर्षभर त्यावरच सराव करतो. चाळीस ग्रॅमचा फरक बोटाला कळत नाही, झोपेला कळतो.

मॅचमध्ये गोळी अडकली तर?

पिस्तूल टार्गेटकडेच ठेवा आणि मोकळा हात वर करा. एवढंच. स्लाइड ओढून ‘बघू काय झालंय’ केलं की ती तक्रार बाद होते आणि न मारलेल्या गोळ्यांचे शून्य पडतात. अधिकारी येऊन बघतो, दोष तुमचा नसेल तर सेंटर फायरमध्ये राहिलेल्या गोळ्या मारायला मिळतात. भरायला विसरलात किंवा सेफ्टी काढली नाहीत तर तो दोष तुमचाच. हसू नका, सेफ्टी मीही विसरलोय.

केशरी रंगाचा सेफ्टी फ्लॅग चेंबरमध्ये नसताना पिस्तूल लेनवर दिसलं तर बोलणी बसतात. दोन-तीन फ्लॅग जवळ ठेवा, ते हमखास हरवतात.

दिल्लीला जायचं कसं? बरोबर काय न्यायचं?

कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला आठवड्यातून एक गाडी आहे. तिचा वार तुमच्या मॅचशी जुळला तर उत्तम, नाहीतर पुण्याहून. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळी, मूळ परवाना आणि स्पर्धेचं पत्र अंगावर. पेटी सीटखाली टाकून झोपू नका, उशाशी घ्या. आणि डब्यात कोणी विचारलं ‘यात काय आहे’, तर मी ‘वाद्य आहे’ म्हणतो. विमानाने जाणार असाल तर शस्त्र आधी जाहीर करावं लागतं, तासभर जास्तीचा धरा.

एका सेंटर फायर मॅचला ६० गोळ्या, शिवाय प्रत्येक टप्प्याआधी पाच सरावाच्या, म्हणजे ७०. मी १५० नेतो, सगळ्या एकाच लॉटच्या.

हिवाळ्यात स्पर्धा असेल तर दिल्लीची थंडी हा वेगळा प्रतिस्पर्धी. आपली सकाळ पंचगंगेच्या धुक्याची, तिथली हाडात जाते. बोट बधिर झालं की ट्रिगरचा पहिला टप्पा कळतच नाही. बिनबोटांचे हातमोजे आणि खिशात गरम पाण्याची छोटी बाटली. आदल्या रात्री तांबडा रस्सा शोधत फिरू नका, परत आल्यावर आहेच.

खर्च किती येतो?

खरं सांगायचं तर बराच. पार्दिनी, वॉल्थर, स्टेयर, मोरिनी ही बाहेरची नावं, किमती लाखांत, आणि आयातीची परवानगी तुमच्या पात्रतेवर. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर खेळा. ग्रिप मात्र स्वतःच्या हाताची करून घ्या. लाकूडकाम जाणणारा कारागीर आणि थोडा लांबी-पुट्टीचा लगदा, एवढ्यात काम होतं. घरच्यांना काडतुसांचा भाव सांगताना मी एका गोळीचा सांगतो, पेटीचा नाही.

राही सरनोबतसारखं व्हायला किती वर्षं लागतील?

२०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण, २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पालेमबांगला ३४ वर बरोबरी झाली, पहिल्या शूटऑफमध्येही बरोबरी, मग दुसऱ्यात निकाल. तो व्हिडिओ बघताना ती शूटऑफच्या आधी काय करते ते बघा : काहीच करत नाही. वर्षांचं मला विचारू नका. मी आधी सांगितलंय, मी कुठवर पोचलो ते.

मुलगी बारा वर्षांची आहे, आणू का?

आणा. एअर पिस्तूल जड वाटलं तर महिनाभर नुसतं उभं राहणं आणि हात धरणं शिकू द्या. रेंजवर पालकांनी मागून ‘अगं, नीट नेम धर’ असं ओरडायचं नाही. चहाची टपरी बाहेर आहे.

नुसतं बघायला आलं तर चालेल?

चालेल. सकाळी लवकर या, कानात कापूस नको, प्लग आणा. लाल रेषेच्या मागे थांबा आणि कोणी हात वर करून उभा असेल तर त्याला काय झालं म्हणून विचारायला पुढे जाऊ नका. त्याची गोळी अडकली आहे.